इस्पेशल गेर

आमच्या खान्देशात 'फोर-व्हीलर' म्हणजे कुठलीही मोटार. स्थळ पाहायला आलेले पाहुणे चहाची बशी खाली ठेवता ठेवता विचारतात, "फोर-व्हीलर आहे ना?" अंगणात एखादी पांढरी मोटार उभी दिसली की पुढची बोलणी सुरू होतात. माझ्याकडे आहे ती फोर-व्हीलर नाही. ती 'फोर व्हील' आहे. फरक फक्त एका 'र'चा. माझ्या गाडीतून आजवर जे जे गळालं त्यात पहिला नंबर ह्या 'र'चा लागतो. ऑइल, पाणी, डिझेल आणि पैसा हे सगळे नंतरचे.

फरक समजावून सांगायला हवा. साध्या मोटारीला चाकं चार असतात, पण ओढणारी दोनच. उरलेली दोन नुसती बरोबर फिरतात. चार भावांचं एकत्र कुटुंब असतं ना, तसं. दोघं शेतात राबतात, दोघं पारावर बसतात आणि वाटणीच्या वेळी चौघांनाही सारखीच धाप लागलेली असते. फोर व्हील गाडीत चारही भावांना कामाला जुंपायची सोय आहे. त्यासाठी गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी दोन लहान दांडकी असतात. एक दांडकं पुढच्या दोन चाकांना उठवून कामाला लावतं. दुसरं दांडकं गाडीचा वेग साधारण अडीचपटीनं उतरवतं आणि ओढायची ताकद तेवढीच चढवतं. पहिलं लावल्याखेरीज दुसरं लागत नाही. गॅरेजमधली मंडळी ह्या दुसऱ्या दांडक्याला 'इस्पेशल गेर' म्हणतात. नाव उच्चारताना आवाज जरा खाली येतो, सासुरवाडीच्या श्रीमंत मामांचं नाव घेताना येतो तसा.

हे दांडकं मला वर्षातून चार वेळा लागतं. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस मी ते लागेल म्हणून गाडी सांभाळतो.

मी बँकेत होतो. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब ठेवला आणि कर्ज मागायला आलेल्या माणसाला 'तुम्हाला ह्याची खरंच गरज आहे का?' असं विचारत राहिलो. निवृत्त झाल्यावर स्वतःला हा प्रश्न विचारायचं राहून गेलं. चोपडा तालुक्यात, धानोऱ्याच्या पुढे, वडिलांची थोडी जमीन आहे. आता ती स्वतः बघायची असं ठरवलं. जमीन काळी, केळीला सोन्यासारखी. पण ह्या काळ्या मातीचा स्वभाव रागीट. उन्हाळ्यात तिला पाऊल अडकेल अशा भेगा पडतात. आणि मृगाचे दोन पाऊस झाले की ती जे धरते ते सोडत नाही. माझ्या तीन चपला, एक छत्री आणि चुलतभावाची मोटारसायकल तिनं धरून ठेवली होती. डांबरी रस्ता संपतो तिथून शेत दीड किलोमीटर आत. ह्या दीड किलोमीटरसाठी मी जीप घेतली.

घेतली एका सरकारी खात्याच्या लिलावात. महिंद्राची एमएम ५४०. रंग पांढरा, पण तो सरकारी पांढरा, म्हणजे निम्मा पिवळा. मी हिरवा मारून घेतला. पेंटरनं पैसे एकाच हाताचे घेतले होते की दोन हातांचे, हे त्याचं त्याला ठाऊक. पहिल्याच पावसात दारावरच्या हिरव्यातून 'महाराष्ट्र शासन' ही अक्षरं हळूहळू वर आली. आता मी शिवारात शिरलो की दूरवर बांधाबांधावर धावपळ दिसते. आधी मला वाटायचं, लोक स्वागताला येताहेत. मग कळलं, तारांवर टाकलेले विजेचे आकडे काढायला धावताहेत. एका माणसानं तर मला ओळखल्यावर चिडून विचारलं, "आप्पा, सांगून येत जा ना!"

ह्या गाडीची वंशावळ मोठी आहे. १९४० साली अमेरिकी लष्कराला एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या लहानशा कंपनीनं तिचा पहिला नमुना ४९ दिवसांत तयार करून लष्कराच्या दारात उभा केला. कागदावरच्या रेघांपासून चालत्या गाडीपर्यंत, एकोणपन्नास दिवस! आमच्या मिस्तरीनं माझा नुसता गिअरबॉक्स बांधायला बावन्न दिवस घेतले. अर्थात बँटमच्या मागे हिटलर होता. मिस्तरीच्या मागे मी होतो.

पुढे मोठं काम विलीज आणि फोर्ड ह्या कंपन्यांकडे गेलं, युद्ध संपलं, आणि १९४७ साली महिंद्रांनी विलीज जीपांचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. म्हणजे महिंद्रांकडे जीप आली तीच मुळी सुट्या भागांच्या रूपात. माझी अजून त्याच अवस्थेत आहे. तिच्या पोटातलं डिझेल इंजिन मूळचं प्यूजो ह्या फ्रेंच कंपनीच्या घराण्यातलं, २११२ सीसीचं. अमेरिकेची अंगकाठी, फ्रान्सचं काळीज आणि धुळ्याचे नटबोल्ट, असा हा आंतरजातीय संसार आहे. भांडणं होणारच.

भांडणं मिटवायला आमचा मिस्तरी आहे. जळगावात अजिंठा चौफुलीच्या पुढे त्याचं गॅरेज. सगळं गाव त्याला चाचा म्हणतं. वय गाडीपेक्षा जास्त, आवाज गाडीपेक्षा कमी. गाडी आत शिरली की तो बॉनेट उघडत नाही. डोळे मिटून ऐकतो. मग इंजिनकडे न बघता माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "आप्पा, आपने क्या किया?" बत्तीस वर्षांत ऑडिटरनंही मला इतकं दोषी वाटू दिलं नव्हतं.

चाचाच्या व्यवहारातलं एकच वाक्य पक्कं असतं, "शाम को आ जाओ." संध्याकाळी या. कोणत्या संध्याकाळी, हे अध्याहृत. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. भरिताच्या वांग्यालाही मिळालं आहे. ह्या वाक्यालाही मिळायला हरकत नाही. इथल्या मातीशिवाय ते दुसरीकडे इतकं पिकणार नाही. मी संध्याकाळी जातो. माझी जीप कोपऱ्यात चार ठोकळ्यांवर उभी असते, चाकं काढलेली. खाली दोन पाय दिसतात. पाय ओळखीचे नसतात. "चाचा कुठं आहेत?" "नमाजला गेले." थांबतो. चाचा येतात, मला बघून खरोखर आनंदित होतात, चहा मागवतात आणि चहा पिता पिता धुळ्याहून एक भाग आणावा लागेल, असं सांगतात.

पण त्याच्या हातात विद्या आहे, हे कबूल करायला हवं. एकदा रेडिएटर गळायला लागला. मे महिना, जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास. पाण्याचा थेंब जमिनीवर पोचायच्या आत वाळतो, त्यामुळे गळती आहे हे कळायलाच चार दिवस गेले. चाचानं पोराला किराणा दुकानात पिटाळलं आणि हळद आणवली. चमचाभर हळद रेडिएटरमध्ये टाकली, इंजिन चालू केलं. हळद पाण्याबरोबर फिरत फिरत त्या बारीक भोकाशी जाऊन बसली आणि गळती थांबली. घरी आल्यावर मी कौतुकानं ही हकिकत सांगितली. बायको म्हणाली, "लग्नात तुम्हाला एवढी लावली होती. काय थांबलं?"

डिझेलच्या टाकीला चीर गेली तेव्हा त्यानं कपडे धुवायचा साबण घासला. पाण्याच्या नळीला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. एकदा पारोळ्याजवळ सायलेन्सर सुटून रस्त्यावर घासू लागला तेव्हा मी त्याला फोन केला. त्यानं विचारलं, "पायजम्यात नाडी आहे का?" होती. पुढचा प्रवास मी एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं अब्रू धरून केला.

सगळ्यात जास्त वेळा करावं लागतं ते काम म्हणजे हवा काढणं. डिझेल गाडीच्या नळीत कुठून तरी हवा शिरते आणि इंजिन गप्प होतं. सेल्फ मारा, घर्र घर्र होतं, पण पेटत नाही. हे काम मी आता स्वतः करतो. बॉनेट उघडायचं. फिल्टरच्या डोक्यावर एक स्क्रू असतो, तो पान्यानं दोन आटे सैल करायचा. मग पंपाचा छोटा दट्ट्या अंगठ्यानं दाबत राहायचं. आधी काहीच होत नाही. मग स्क्रूच्या कडेनं फेस येतो, ताकाला यावा तसा. फेस, बुडबुडे, पुन्हा फेस. अंगठा भरून येतो. मग बुडबुडे विरळ होतात आणि एका क्षणी निखळ डिझेल, बुडबुड्याशिवाय, मनगटावरून कोपरापर्यंत वाहत येतं. स्क्रू आवळायचा. सेल्फ मारायचा. गाडी खोकते, काळा धूर सोडते आणि चालू होते. त्या वेळी जो आनंद होतो तो मला प्रमोशनच्या दिवशीही झाला नव्हता. एकदा एका उमेदवारानं प्रचाराला ही जीप मागून नेली. दोनदा हवा गेली, दोनदा मी जाऊन काढून आलो. तो निवडून आला. मग त्याच्या डोक्यात गेली. तिथं मात्र कुठं स्क्रू सापडेना.

धुळ्याला जायचं म्हणजे नव्वदेक किलोमीटर. पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे. ह्या हायवेला आम्ही अजून सहा नंबरच म्हणतो. सरकारनं त्याचा त्रेपन्न करून बरीच वर्षं झाली. धुळ्यात हा सुरत-नागपूर रस्ता मुंबई-आग्रा रस्त्याला छेदतो. दोन मोठे हायवे जिथं एकमेकांना भेटतात तिथं ट्रक थांबणार, ट्रक थांबले की बिघडणार, आणि बिघडले की गॅरेज, लेथ, वेल्डिंग आणि कबाडी ह्यांचं एक गाव वसणार. त्यामुळे जळगावात जे मिळत नाही ते धुळ्यात मिळतं, असा माझा अनुभव आहे. धुळेकर एवढ्यावर थांबत नाहीत. गाडीच्या नंबरातही एमएच १८ धुळं आणि एमएच १९ जळगाव, म्हणजे आम्ही तुमच्या आधी, हेही ते ऐकवतात.

इंग्रज १८१८ साली खान्देशात आले आणि कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या साहेबानं धुळ्याची आखणी केली. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात. माझ्या जीपच्या स्टिअरिंगला पाव फेऱ्याचा खेळ आहे, म्हणजे चाक पाव फेरा फिरवलं तरी गाडीला बातमी लागत नाही. त्यामुळे ब्रिग्जसाहेबाच्या सरळ रस्त्यांवर मी एकटाच वळणं घेत जातो.

तिथं एक कबाडीवाला आहे. त्याचं दुकान म्हणजे गंजाचा डोंगर आणि डोंगरावर तो. धुळ्यात १९२७ सालापासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या कागदांसाठी वाडेच्या वाडे पालथे घातले. ह्या कबाडीवाल्याची पद्धत तीच, फक्त साधनं लोखंडाची. मला एकदा लहान दांडक्याखालचा फोर्क हवा होता. दांडकं हलवल्यावर आतले दाते सरकवणारा हा लोखंडी काटा. त्यानं माझा मोडका तुकडा हातात घेतला, अंगठ्यानं चाचपला, नाकाजवळ नेला. हो, वास घेतला. मग डोंगराच्या उत्तर उतारावर चढला आणि खाली उतरला तेव्हा हातात तोच भाग होता. "साक्रीकडची गाडी होती," तो म्हणाला. "एका पाटलाची. चढावर कधी अर्ध्या क्लचवर चालवली नाही त्यानं." मी विचारलं, "हे फोर्कवरून कळतं?" त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "किंमत किती?" त्यानं सांगितली. मी निम्मी सांगितली. तो पुन्हा डोंगर चढायला लागला, फोर्क परत ठेवायला. मी पूर्ण दिली. बँकेत मी थकबाकीदारांना असं उतरू दिलं नसतं.

मधून मधून गाडीला आरटीओकडेही न्यावं लागतं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी आधी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ ला ५,००० झाली. फॉर्मसोबत चासी नंबरचा पेन्सिलीनं काढलेला ठसा लागतो. चासीवर कोरलेले आकडे, त्यावर कागदाची पट्टी, वरून पेन्सिल घासायची. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसं. मी आडवा पडून पेन्सिल घासत होतो तेव्हा मनात आलं, इंजिनाचं हेड बदललं, गिअरबॉक्स बांधला, टप दोनदा शिवला, दारं दुसऱ्या गाडीची, सीट शिवणाऱ्यानं स्वतःच्या आवडीची शिवली. ह्या गाडीत मूळचं काय राहिलं असेल तर हे आकडे. आणि गळती.

गळतीबद्दल चाचाचं शास्त्र स्पष्ट आहे. मी तक्रार केली की तो एवढंच म्हणतो, "आप्पा, गळतंय म्हणजे आत आहे. गळायचं थांबलं तर मला फोन करा."

आता घरातली बाजू. मुलगा पुण्यात असतो. फोनवर त्याचं एकच पालुपद, "पप्पा, विकून टाका." बायको विकायचं म्हणत नाही. ती हिशेब विचारते, आणि हिशेब हे माझं दुखरं ठिकाण. मी वही ठेवली आहे. तारीख, काम, रक्कम. सुरुवातीला मी बँकेच्या सवयीनं खर्चाचे दोन भाग केले होते, भांडवली आणि महसुली. गाडीची किंमत वाढवणारा तो भांडवली, नुसती चालू ठेवणारा तो महसुली. वर्षअखेर पाहिलं तर भांडवली रकान्यात एकच नोंद होती: हॉर्न.

एकदा तिनं ती वही वाचली. चष्मा काढून म्हणाली, "अहो, वर्षातून चार दिवस लागणाऱ्या वस्तूसाठी एवढा खर्च?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मला दोन दिवसांनी माळ्यावर सापडलं. आखाजी जवळ आली होती. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात आणि घराघरात खापरावरची पुरणपोळी होते. खापर म्हणजे उपडं घातलेलं मातीचं मोठं भांडं, चुलीवर. पोळी लाटण्यानं लाटायची नाही. हातांवर फिरवत फिरवत वाढवायची, कोपरापर्यंत पसरली की खापरावर टाकायची. येरागबाळ्याचं काम नाही. बायकोचं हे खापर तिच्या आईकडून आलेलं. वर्षभर माळ्यावर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, वर पोतं, पोत्यावर 'हात लावू नये' अशी तोंडी सूचना. दर आखाजीला मी शिडीवर चढतो, ते बाळंतिणीचं मूल घ्यावं तसं दोन्ही हातांनी घेतो, आणि खाली ती, "हळू... हळू... पायरी बघा..." असं म्हणत उभी असते. दोन मोठे सण, कधी तीन. बाकी वर्षभर ते काहीच करत नाही. ते फुटत नाही, एवढंच त्याचं काम.

मी शिडीवरूनच विचारलं, "हे वर्षातून किती वेळा लागतं?"

ती वर बघत राहिली. मग म्हणाली, "आधी खाली उतरा. हातात खापर आहे म्हणून ऐकून घेतेय."

त्या दिवसापासून जीप विकायचा विषय घरात निघाला नाही. गाडीबद्दल बोलायचं झालं की ती फक्त 'तुमचं खापर' असं म्हणते.

तर गेल्या श्रावणातली गोष्ट. तीन दिवसांची झड. केळी कापणीला आलेली. शेजारच्या शेतकऱ्याचा 'छोटा हत्ती' टेम्पो घड भरून बाहेर निघाला आणि दोनशे पावलांवर रुतला. मागची दोन्ही चाकं आसापर्यंत आत. जेवढी फिरतील तेवढी खोल जात होती. ट्रॅक्टर दुसऱ्या शिवारात. घड तसेच राहिले तर व्यापारी भाव पाडणार. शेतकरी माझ्याकडे आला. त्याची नजर आधी जीपच्या बॉनेटकडे गेली, मग खाली साचलेल्या ऑइलकडे, मग आभाळाकडे.

मी आत बसलो. पहिलं दांडकं सरकवलं. खट्. दुसरं सरकवलं. जरा कुरकुरलं, मग साक्रीच्या पाटलाच्या फोर्कनं आपलं काम केलं. खट्. साखळी बांधली. क्लच सोडला. इस्पेशल गेरमध्ये गाडी निघते तेव्हा ती धावत नाही. ती सरकते. आजोबा पंगतीतून उठतात तशी, हात टेकत, पण उठायचं ठरवून. चारही चाकांनी एकेक मूठ माती फेकली, साखळी ताणली आणि छोटा हत्ती चिखलातून असा वर आला की पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी डांबरी रस्त्यापर्यंत त्याला ओढत आणलं. शेतकऱ्यानं माझे दोन्ही हात धरले. पाच मिनिटं मी ह्या तालुक्यातला सर्वांत मोठा माणूस होतो.

सहाव्या मिनिटाला मी डांबरावर आलो आणि दांडकी मागे घ्यायला गेलो. इस्पेशल सुटला. पहिलं दांडकं हलेना.

ह्यामागे कारण आहे, आणि ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडं जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरतं आणि हा फरक आपोआप जिरतो. डांबरावर चाक घसरत नाही. मग हा फरक गाडीच्या आतड्यांत पीळ होऊन बसतो आणि दांडकं दाबून धरतो. पुढचे-मागचे टायर सारखे नसले तर सरळ रस्त्यावरही पीळ वाढतो. मी दोन महिन्यांपूर्वी काटकसर म्हणून पुढे दोन नवे टायर टाकले होते आणि मागे जुने घासलेले ठेवले होते. बचत: दोन टायरांची किंमत. वहीत मी तिथं लाल पेनानं 'शाबास' असं लिहिलं होतं.

चाचाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "आप्पा, डांबरावर फोर व्हील नाही चालवायचं, बोल्लो होतो ना? रिव्हर्स घ्या."

"किती?"

"सुटेपर्यंत."

मी रिव्हर्स घेतला. दहा फूट. दांडकं ओढलं. नाही. अजून दहा फूट. मागे गाव. एसटीचा थांबा, पानटपरी, पारावर बसलेली मंडळी. जी मंडळी मला पाच मिनिटांपूर्वी पुढे जाताना बघत होती, त्यांच्यासमोरून मी मान मागे वळवून उलटा जायला लागलो. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मांगे का जाई राहिना भो?" काय सांगणार? पीळ काढतोय म्हटलं तर त्यानं वेगळाच अर्थ घेतला असता. पानटपरीपाशी आलो तेव्हा खालून 'टण्' असा आवाज आला आणि दांडकं लोण्यासारखं मागे आलं. टपरीवाल्यानं विचारलं, "पान घ्यायचं होतं का आप्पा?" मी घेतलं. त्याखेरीज इतकं उलटं येण्याला काही कारण देता येत नव्हतं.

रात्री वही काढली. तारीख टाकली. जमेच्या बाजूला पहिल्यांदाच काहीतरी लिहायचं होतं. 'छोटा हत्ती ओढला: १.' रक्कम काही नाही. त्या शेतकऱ्यानं केळीची एक फणी दिली होती, ती घरात पोचायच्या आत शेजारच्या पोरांनी संपवली. खर्चाच्या बाजूला लिहिलं, पान: २० रुपये. बायको मागे उभी राहून वाचत होती. तिनं पेन घेतलं आणि 'शाबास'वर काट मारली. मग दिवाळीनंतर भरिताच्या वांग्यांचा हंगाम आला की शेतावर पार्टी करायची आणि सगळ्या नणंदांना ह्याच गाडीतून न्यायचं, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजू, कळण्याच्या भाकरी ती करील. गाडी तेवढी तयार ठेवा म्हणाली.

तयार ठेवायची म्हणून ती आता चाचाकडे आहे. कोपऱ्यात, चार ठोकळ्यांवर, चाकं काढलेली.

तेव्हा वाचकहो, जुनी फोर व्हील घ्यायची मनात असेल तर जरूर घ्या. चासी नंबरावर बोट फिरवून बघा, टायर चारही एकदम बदला, डांबर लागण्याआधी चिखलातच दांडकं मागे घ्या. आणि मिस्तरी 'शाम को आ जाओ' म्हणाला, तर तारीख विचारून घ्या.